एर्गोनॉमिक्स आणि एरोस्पेस: संदर्भपुस्तक निवडताना आधी तक्ते उघडा

पाठ्यपुस्तक विषय समजण्यासाठी असतं. संदर्भपुस्तकातला आकडा मात्र थेट ड्रॉइंगवर चढतो. म्हणून पुस्तक हातात आलं की प्रस्तावना सोडा, तक्ते बघा.

एर्गोनॉमिक्समध्ये, म्हणजे वस्तू माणसाच्या शरीराला साजेशी आखण्याच्या शास्त्रात, पहिला प्रश्न एकच: मापं कुणाची? परदेशी पुस्तकांत ती पुष्कळदा सैनिकांची, म्हणजे तरुण आणि निवडून घेतलेल्या लोकांची असतात. भारतीय माणसासाठी आसन किंवा यंत्र आखायचं तर देबकुमार चक्रवर्ती यांचं, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने १९९७ साली काढलेलं भारतीय शरीरमापांचं पुस्तक हवंच. स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे आहेत का, माप अनवाणी घेतलंय का, हे तपासा. बुटांसाठी साधारण २५ मिमी वाढवावे लागतात. हात पोचायला हवा तिथे ५वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली फक्त ५ टक्के लोक येतात ते माप), गुडघे मावायला हवेत तिथे ९५वा. ‘सरासरी’ माणूस धरून कॉकपिट आखणं ही सगळ्यात महागडी चूक. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिक मोजले. त्यांतला एकही दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसला नाही. आणि धड व पाय यांचे ९५वे पर्सेंटाइल बेरीज करून ९५व्या पर्सेंटाइलची उंची मिळत नाही. नवशिके इथे हमखास फसतात.

एरोस्पेसमध्ये जुनं पुस्तक वाईट नसतं. ॲबट आणि फॉन डोनहॉफ यांच्या पुस्तकातले नाका (नासाच्या आधीची अमेरिकी संस्था) एअरफॉइलचे, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकारांचे, आलेख आजही चालतात, कारण आकार बदललेला नाही. फक्त रेनॉल्ड्स नंबर (पंखाचा आकार, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) वाचा: त्यांतले बहुतेक आलेख ३० ते ९० लाखांचे आहेत. लहान ड्रोनचा पंख १–३ लाखांवर उडतो. तिथे स्टॉल (पंखाची उचल अचानक ढासळणं) लवकर येतो, ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, आणि पुस्तकातला लिफ्टचा (उचलीचा) आकडा तसाच घेतला तर विमान जमिनीवरून उठणंही अवघड.

धातूंचं उलट आहे. धातूंच्या ताकदीचे आकडे देणाऱ्या मिल-हँडबुक-५ या अमेरिकी लष्करी पुस्तकाची जागा आता एमएमपीडीएस या संदर्भग्रंथाने घेतली आहे, तेव्हा चालू आवृत्तीच वापरा. ज्या भागाच्या तुटण्याने सगळंच कोसळतं, त्याला ए-बेसिसचा, म्हणजे धातूचे जवळपास सगळे नमुने ज्याच्या वर टिकतात असा सावध, आकडा लावा. एककंही बघा: एक पाउंड-फोर्स म्हणजे ४.४४८ न्यूटन. याच घोळात १९९९ साली नासाने मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान गमावलं.

मिल-एसटीडी-१४७२ (अमेरिकी लष्कराचं) आणि नासाचं ३००१ ही एर्गोनॉमिक्सची मानकं नेटवर फुकट मिळतात. पैसे भारतीय मापांच्या पुस्तकावर घाला. धातूंचे आकडे ग्रंथालयातून उतरवा, शेजारी आवृत्ती आणि पान लिहून.