ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम स्तंभ पाहायला जाण्याची तयारी

कॅनडातील व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये ब्रॉक्टन पॉइंट येथे असलेले नऊ टोटेम स्तंभ, म्हणजे तिथल्या मूळनिवासींचे कोरीव लाकडी खांब, पाहायला जाताना पाणी आणि चालण्याजोगे बूट लागतात, हे कोणाला सांगायला नको. हिवाळ्यात पावसाची तयारीही हवीच. दुर्बीण मात्र आदल्या रात्रीच पिशवीत टाकावी. मागच्या वेळी ती घरी राहिली आणि स्केडन्स प्रमुखाच्या स्मृतिस्तंभाचा सारा वरचा भाग मला नीट पाहताच आला नाही. स्किडगेट या हायडा मूळनिवासींच्या गावी १८७०च्या सुमारास उभारलेल्या स्तंभावरून हायडा शिल्पकार बिल रीड यांनी १९६४ मध्ये हा स्तंभ कोरला. त्याच्या वरच्या भागात चंद्राच्या आकृतीत थंडरबर्ड या पुराणकथेतील पक्ष्याचा चेहरा, पंख व पंजे गुंफलेले आहेत. मोबाइलवर चित्र मोठे करता येते, पण कोरीव रेषेची खोली त्यात हरवते; म्हणून दुर्बीणच हवी, आणि कुटुंबासह जात असाल तर दोन हव्यात, कारण एकदा हातात आलेली दुर्बीण कोणी लवकर परत देत नाही.

जाण्याआधी थोडे वाचावे. हे स्तंभ देवमूर्ती नव्हेत; त्यांवर घराण्यांची कुलचिन्हे आणि वंशकथा कोरलेल्या असतात, तेव्हा मुलांना तिथे हात जोडायला लावू नये. संग्रहातील पहिले स्तंभ १९२०च्या दशकात दूरच्या अलर्ट बे येथून आणलेले होते, तर ही भूमी मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्सलेल-वॉटुथ या मूळनिवासी लोकांची असून त्यांची येथील वस्ती हटवण्यात आली. हे ठाऊक नसेल, तर रॉबर्ट येल्टन यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ कोरलेला आणि २००९ मध्ये उभा राहिलेला स्क्वामिश स्तंभ इतरांसारखाच एक वाटून मागे पडतो. त्याच्यापाशी सर्वांत जास्त वेळ द्यावा. मस्क्वियम कलाकार सुसान पॉइंट यांची २००८ मधील लाल सीडर लाकडाची प्रवेशद्वारेही चुकवू नयेत.

सीडर टिकाऊ असले तरी उघड्यावर ते कुजतेच. त्यामुळे काही जुने स्तंभ संग्रहालयांत गेले असून त्यांच्या जागी नव्याने कोरलेले उभे आहेत. प्रत्येक फलकावरचे वर्ष वाचावे. दुर्बिणीच्या काचा पुसायला कोरडे फडके घ्यावे, नाहीतर पावसात तिचा उपयोग नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, नंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात. पार्किंगला पैसे पडतात. स्तंभांना हात लावू नये.