गेम बनवायचाय? रोजच्या एका कोड्यापासून सुरुवात करा

बेळगावात कॉम्प्युटर शिकणारी पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, "गेम बनवायचा तर सुरुवात कुठून करू?" डोक्यात बंदुका, गाड्या, थ्रीडी. मी गेली काही वर्षं गेमच्याच कामात आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: रोज एकच शब्दकोडं देणारा गेम करा.

वर्डल बघा. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, असा हा वेबसाइटवरचा गेम. अक्षर जागेवर बरोबर असेल तर चौकोन हिरवा, शब्दात असून जागा चुकली तर पिवळा. जॉश वॉर्डल या प्रोग्रामरनं तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुला केला. 1 नोव्हेंबरला खेळणारे होते 90. दोन महिन्यांत आकडा तीन लाखांवर गेला. ना जाहिरात, ना ॲप, ना लॉगिन. 31 जानेवारी 2022 ला न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतल्याचं जाहीर केलं, तेही दहा लाख डॉलरहून जास्त मोजून.

लोक ओढले गेले ते त्यातल्या संयमामुळे, असं माझं ठाम मत आहे. दिवसाला एकच कोडं, सगळ्यांना तेच. उत्तर न फोडता हिरवे-पिवळे चौकोन ग्रुपवर टाकता येतात. शहापूरच्या गल्लीत सकाळी पेपर आला की शब्दकोड्याचं पान आधी कोण घेणार यावरून घरात ओढाओढ व्हायची, तीच ही गोडी.

पैसा मात्र फिरून येतो. वर्डल फुकटच राहिला. पण त्यानं टाइम्सकडे कोट्यवधी नवे लोक आणले, त्यातले बरेच तिथले दुसरे गेम खेळायला थांबले आणि गेमच्या वर्गणीदारांत मोठी भर पडली. रोज न चुकता परत येणारा माणूस हीच या धंद्यातली खरी पुंजी.

आता मराठीत करायला घ्या, म्हणजे खरी मजा कळेल. 'कीर्ती' आपल्याला दोन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला, म्हणजे वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा, तिला शब्दाची लांबी विचारली तर ती सहा सांगते, कारण क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त आणि पुन्हा वेलांटी ती सुटी मोजते. चौकोनात काय ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. जावास्क्रिप्टमधलं इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) हे मजकूर डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारं साधन वापरा, पण जोडाक्षरं तपासून घ्या. ती एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या जागतिक मानकात, 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरवर 'र्ती' तुटू शकतो. शिवाय अक्षर बरोबर पण काना-मात्रा चूक, तर चौकोन कुठल्या रंगाचा? हे तुम्हीच ठरवायचं, आणि इथंच तुमची बुद्धी दिसते.

शब्दांची यादी कोशातून सरसकट उचलू नका. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास होते. पलक शाहनं ते चाळून ओळखीचे अडीच हजार ठेवले. तुम्ही खानापूरच्या आजीला, निपाणीच्या दुकानदाराला, कन्नड शाळेत शिकलेल्या मैत्रिणीला यादी वाचून दाखवा. अक्का, अण्णा, अडकित्ता हे कन्नडमधून आलेले शब्द बिनधास्त ठेवा की, आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

तयार झाला की लिंक बायोडेटात वरच टाका. पुण्या-बेंगळुरूच्या मुलाखतीत विचारतील, रात्री बाराला कोडं बदलतं ते कुणाच्या घड्याळाप्रमाणे? दुबईतल्या माणसाला तेच दिसतं का? उद्याचं उत्तर कोडमध्ये कुणी वाचलं तर? तिन्ही गोष्टी आधी स्वतः करून बघा.