उलांडीची होडी गंगापूर धरणात उतरवण्याआधी

कोकणातली उलांडीची होडी, म्हणजे तोल राखायला एका बाजूला आडव्या दांड्यांनी तरंगता ओंडका (उलांडी) बांधलेली होडी, नाशिकला आणून धरणाच्या संथ पाण्यात तपासायची असेल, तर तयारी निदान आठवडाभर आधी सुरू करा. दमट हवेतल्या फळ्या इथल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतात, सांधे उघडतात आणि उतरवल्या उतरवल्या होडी पाणी धरते. त्यामुळे होडी सावलीत ठेवून तिच्यावर ओली गोणपाटं टाका, आत चार बोटं पाणी दोन दिवस राहू द्या. त्याहून जास्त भरू नका. जमिनीवर आधार ठिकठिकाणीच असतो, पाण्याच्या वजनाने फळ्या तणतात.

उलांडीचं मात्र नेमकं उलट. तिला पाणी अजिबात पाजायचं नाही. लटकत्या काट्यावर तिचं वजन करा आणि खडूने तिच्यावरच लिहून ठेवा. समजा, ओंडका ३ मीटर लांब आणि २० सेंमी व्यासाचा आहे. त्याचं आकारमान साधारण ९४ लिटर, म्हणजे गोड्या पाण्यात तो पूर्ण बुडाला तर ९४ किलो पेलतो. कोरडा ओंडका ४० किलोचा असेल तर ५४ किलोची उचल शिल्लक राहते. होडीच्या मधल्या रेषेपासून उलांडी २ मीटरवर असेल, तर तिचा जोर ५४ गुणिले २, म्हणजे १०८. आता ६५ किलोचा माणूस आडव्या दांड्यावर १ मीटर बाहेर उभा राहिला तर त्याचा भार ६५. उलांडी तो सहज झेलते. तोच ओंडका पाणी पिऊन ६५ किलोचा झाला की उचल २९ उरते, जोर ५८. त्याच जागी उभा राहिलेला तोच माणूस आता उलांडी बुडवतो. बाहेरून ओंडका तसाच दिसतो, म्हणून काटा सोडून कशावरही विश्वास ठेवू नका.

मोकळ्या बाजूचा हिशेब वेगळा. जाळं तिकडून ओढतात आणि तेव्हा उलांडी पाण्याबाहेर उचलली जाते. तिला खाली धरतं ते तिचं वजन. ४० किलो गुणिले २, म्हणजे ८०. दोघं जण ३० सेंमी बाहेर झुकले की ३९, जाळ्याची ७० किलोची ओढ होडीच्या काठावर, मध्यापासून ४० सेंमीवर आली की २८; झाले ६७. तिसऱ्याने तिकडे धावायचं नाही, उलांडीच्या बाजूलाच बसायचं, हे काठावरच ठरवून टाका.

बांधणीकडे वळा. प्रत्येक सांध्यावर ८-१० वेढे घेऊन मधून आडवे ३ वेढे आवळा. नायलॉन ओला झाला की ताणतो, म्हणून पाण्यात १० मिनिटं फिरून परत काठाला येऊन पुन्हा आवळायचं. दांड्याला भोकं पाडून बोल्ट ठोकण्याचा मोह टाळा. लाट बसली की सगळा ताण त्या भोकाशी येतो आणि लाकूड तिथेच चिरतं. होडी आणि उलांडी यांमधलं अंतर पुढे आणि मागे टेपने मोजा. दोन्हींत १ सेंमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर उलांडी तिरकी ओढली जाते. सरळ असली तरी पाण्याचा अडथळा एकाच बाजूला असल्याने होडी थोडी उलांडीकडे वळतेच. तो दोष नाही, वल्ह्याने सावरायचं.

परवानगी जलसंपदा विभागाची घ्या, आणि जाळी कुठे लावली आहेत ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. हे नाशिकचं पिण्याचं पाणी आहे, तेव्हा तळाला ताजं डांबर किंवा तेल लावून होडी उतरवू नका. दुसऱ्या धरणातून आणली असेल तर तळाला चिकटलेली जलपर्णी खरवडून काढा. दुपारी पाण्यावर वारा उठतो, पहाट ते सकाळी ८ हीच वेळ धरा.

पहिली चाचणी माणसांशिवाय, प्रत्येकी १० किलोच्या वाळूच्या पिशव्यांनी. होडीत १ मीटर दोरीचा ओळंबा टांगा, खाली पट्टी ठेवा. दांड्यावर १ मीटरच्या खुणेवर एकेक पिशवी ठेवत ओळंबा किती सरकला ते लिहा. सरकणं बऱ्यापैकी सारखं वाढत असेल तोवर ठीक. एका पिशवीला एकदम दुप्पट सरकला, तर उलांडीची पाठ पाण्याखाली जाऊ लागली आहे. तिथेच थांबा आणि आधीच्या पिशवीचा आकडा मर्यादा म्हणून धरा. मग जीवरक्षक जाकिटं घालून माणसं चढवा, आणि काठावर दुसरी होडी वल्ह्यांसकट तयार ठेवा.

वेग मोजायला दोन पिंपं १०० मीटरवर नांगरा, जाता-येता दोन्ही वेळा घड्याळ लावा आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्या, म्हणजे वाऱ्याचा फरक बराचसा निघून जातो. होडी बाहेर काढताच उलांडीचं वजन पुन्हा करा. सकाळच्या खडूच्या आकड्यापेक्षा ते २-३ किलोने वाढलं असेल, तर ओंडक्याला कुठेतरी चीर आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय दुसरी चाचणी घेऊ नका.