क्यूसीएम लावायच्या आधीची तयारी, खास आपल्या पावसाळ्यासाठी

क्यूसीएम म्हणजे क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स, कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर काही चिकटलं की त्याची वारंवारता खाली येते आणि त्यावरून वजन कळतं. जुलैत कोल्हापुरात अशा क्रिस्टलवर गॅस सेन्सिंग करायचं असेल तर तयारी आदल्या दिवशी दुपारीच सुरू करा, सकाळी येऊन क्रिस्टल बसवला आणि लगेच रीडिंग घेतलं असं यात होत नाही. ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलला कंप देणारं सर्किट, रात्रभर चालू राहू द्या, तोही यूपीएसवर, कारण मधेच लाइट गेली की सगळं परत गरम होऊन स्थिर व्हायला अर्धा दिवस जातो. एसीचा झोत सेलवर, म्हणजे क्रिस्टल बसवायच्या बंद कप्प्यावर, येत नाही ना, शेजारी व्हॅक्यूम पंप धडधडत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

क्रिस्टल हातमोजे घालून, प्लास्टिकच्या चिमट्याने आणि फक्त कडेला धरायचा. ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १ हर्ट्झची घट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १७.७ नॅनोग्रॅम, मग बोटाच्या ठशाचं काय होईल विचार करा. ओ-रिंग, म्हणजे क्रिस्टलभोवतीची रबरी कडी, सगळीकडून सारखी बसवा, जास्त आवळू नका, तो ताण हळूहळू सुटत राहतो आणि आपल्याला वाटतं क्रिस्टलवरची फिल्म, म्हणजे गॅस पकडणारा पातळ थर, काहीतरी पकडतेय.

आता दमटपणा, आणि इथंच आम्ही फसलो. मागच्या पावसात अमोनिया सोडल्यावर ६ हर्ट्झ खाली आलं म्हणून सगळे खूश झालो, नंतर वेळ जुळवून बघितली तर बाहेर सर आली होती आणि फिल्मने नुसतं पाणी घेतलं होतं, दोन आठवड्यांचं काम गेलं. म्हणून कोरडा नायट्रोजन चालू ठेवाच, सेलमध्ये आर्द्रतेचा वेगळा सेन्सर ठेवा, आणि जमलं तर शेजारी बिनफिल्मचा दुसरा क्रिस्टल लावून दोघांतला फरक मोजा.

द्रवात मोजणार असाल तर पाण्यातली हवा आधी काढा. एका बाजूला पाणी आलं की साधारण ७०० हर्ट्झ खाली यायला पाहिजे, फारच वेगळा आकडा आला तर बुडबुडा किंवा गळती शोधा. तिथं तापमान १ अंश हललं तरी ७-८ हर्ट्झ जातात, पाण्याचा चिकटपणा बदलतो म्हणून, त्यामुळे वॉटर बाथ लागतोच.

१० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेतला की संवेदनशीलता चौपट होते हे खरं, पण तो जाडीला निम्मा असतो, पटकन तडकतो, आणि बेसलाइन, म्हणजे नमुना नसतानाचं रीडिंग, डुलत असेल तर ते डुलणंही मोठं दिसतं. माझं मत, आधी ५ वरच बेसलाइन बसवा. नमुना न सोडता तासभर नोंद घ्या, अपेक्षित सिग्नल तिच्यातल्या नॉइजच्या तिप्पटही नसेल तर त्या दिवशी गॅसचा सिलिंडर उघडूच नका.