कडीकडचे अठरा इंच

आर्किटेक्चरची पदवी घेऊन पुण्यातल्या बिम (म्हणजे इमारतींची त्रिमितीय मॉडेलं संगणकावर बनवणाऱ्या) ऑफिसात लागलेल्या नव्या मुलांच्या वाट्याला बरेचदा अमेरिकेतल्या एखाद्या शाळेचं नाहीतर दवाखान्याचं रेव्हिट या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल येतं. सुरुवातीच्या कामांत 'दारांचे एडीए क्लिअरन्स तपासा' हे असतंच. एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा, आणि क्लिअरन्स म्हणजे दाराला सोडायची मोकळी जागा. सगळे नाक मुरडतात. मला विचाराल तर प्लॅन वाचायला इतकं चांगलं शिकवणारं काम दुसरं नाही.

आधी रुंदी. एडीएच्या 2010 च्या मानकांत दाराची मोकळी रुंदी किमान 32 इंच, म्हणजे 815 मिमी. दार 90 अंशांत उघडून शटरच्या, म्हणजे दाराच्या फळीच्या, पृष्ठभागापासून समोरच्या स्टॉपपर्यंत (चौकटीच्या ज्या पट्टीवर शटर टेकतं तिथपर्यंत) ती मोजायची. रेव्हिटच्या दारात दिसणारी 'विड्थ' ही नव्हे. ती साधारणपणे शटरची रुंदी असते. 32 इंची शटर उघडलं की 32 इंच उरत नाहीत, म्हणून तिकडे 36 इंची शटर सर्रास दिसतं. आपल्याकडे गोंधळ आणखी मोठा, कारण शेड्यूलमध्ये, म्हणजे दारांच्या तक्त्यात, पुष्कळदा भिंतीतल्या ओपनिंगचंच माप लिहिलेलं असतं. 1000 मिमीच्या ओपनिंगला दोन्हीकडे 60 मिमीची चौकट आणि 35 मिमीचं शटर लावलं, की हातात साडेआठशेच्या आसपास राहतात. भारत सरकारच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांना 900 हवेत. (आपल्या फ्लॅटांतल्या 750 च्या बाथरूमबद्दल न बोललेलं बरं.) तेव्हा फॅमिलीत (रेव्हिटमधल्या दाराच्या साच्यात) मोकळ्या रुंदीचं वेगळं पॅरामीटर सूत्राने काढा आणि शेड्यूलला तेच लावा.

रुंदी निदान एका आकड्यात संपते. खरी मेख दाराभोवतीच्या जागेत आहे. व्हीलचेअरवरचा माणूस दार स्वतःकडे ओढतो, तेव्हा त्याला शटरच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं. म्हणून समोरून येऊन ओढायच्या दाराला पुढे 60 इंच आणि कडीच्या बाजूला 18 इंच मोकळे लागतात. ढकलायच्या बाजूला पुढे 48 पुरतात. कडीकडचे 12 इंच लागतात ते दाराला क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र) आणि लॅच (खटका) दोन्ही असतील तरच. बिजागरीच्या बाजूने येऊन ओढायचं असेल, तर पुढच्या 60 इंचांबरोबर कडीकडे 36 इंच सोडावे लागतात. आता माणूस कुठून येणार, हे मॉडेलला कसं कळावं? दार कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जातं, फ्लिप झालंय का (म्हणजे उलटवलंय का), एवढं रेव्हिट सांगतं. कॉरिडॉरच्या टोकाचं दार समोरूनच गाठता येतं, मधल्या दाराला मात्र दोन्हीकडून माणसं येतात. हे प्लॅनवर बोट फिरवत तुम्हीच ठरवायचं. क्लोजर आहे की नाही, ते हार्डवेअर शेड्यूलमध्ये सापडतं, आणि ते बहुधा वेगळ्याच कन्सल्टंटकडून येतं. मागून घ्या.

हे ठरलं की पुढचं यंत्राचं काम. फॅमिलीत क्लिअरन्सचा ठोकळा वेगळ्या सबकॅटेगरीत (उपगटात) बनवा, म्हणजे शीटवर तो बंद ठेवता येईल. नुसत्या रेषा काढून भागत नाही, कारण त्या क्लॅशमध्ये, म्हणजे वस्तू एकमेकींवर आदळतात का हे तपासताना, सापडत नाहीत. ठोकळ्याचा तळ जमिनीपासून किंचित वर ठेवा, नाहीतर प्रत्येक दार स्लॅबवर आपटल्याचा रिपोर्ट येईल. मग नेव्हिसवर्क्स या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भिंती, फर्निचर आणि प्लंबिंगशी भिडवून बघा. सोलिब्री या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असे नियम तयार मिळतात. आकडे मात्र प्रोजेक्टनुसार बदलून घ्या, आणि आयएफसीत (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या फाइलीत) दाराची दिशा नीट उतरली आहे ना ते बघा.

सॉफ्टवेअरने काढलेल्या चुकांच्या लाल यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सहज सरकणारी खुर्चीही तिथे गुन्हेगार ठरते. उलट बाजूने, मॉडेलमध्ये न काढलेली कचरापेटी कुठल्याच यादीत येत नाही. मॉडेलमध्ये कडीकडे बरोबर 18 इंच असतात, साइटवर शेजारच्या भिंतीला टाइल लागते आणि अर्धा-पाऊण इंच जातो. मी म्हणून काठावर पास झालेली दारं वेगळी काढून आर्किटेक्टला दाखवते.

तक्रार कळवताना नुसतं 'फेल' लिहू नका, उपायही सुचवा: दार सरकवणं, बिजागरीची बाजू बदलणं. उघडण्याची दिशा उलटवायची असेल तर जरा थांबा. जिथे आयबीसी (अमेरिकेत वापरली जाणारी इमारत-नियमावली) लागू आहे, तिथे 50 किंवा जास्त माणसांच्या खोलीचं दार बाहेर पडण्याच्या दिशेनेच उघडावं लागतं. अशा ठिकाणी भिंतच हलवायला सांगावी लागते, आणि ते जितकं लवकर सांगाल तितकं कमी ओरडून घ्यावं लागेल.