व्हीसीव्ही रॅकमधला पंचम थरथरत होता, तो कसा लागला

ग्वाल्हेरला घरच्या रियाजासाठी व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मोफत आवृत्तीत तानपुऱ्यासारखा आधारसूर लावला होता. त्यातल्या फंडामेंटल संचाचे दोन व्हीसीओ (सूर निर्माण करणारी मॉड्यूल), दोन्हींचे सॉ (करवती लहर) आउटपुट, पुढे मिक्सर आणि ऑडिओ मॉड्यूल. सा काळी एक, म्हणजे १३८.५९ हर्ट्झ, दुसऱ्यावर मंद्र पंचम. दर दोन सेकंदांना आवाज हेलकावत होता.

पंचम कीबोर्डचा, म्हणजे सप्तकाच्या बारा समान भागांतला होता, १०३.८३ हर्ट्झ. त्याचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराची चौपट कंपनसंख्या) ४१५.३, षड्जाचा तिसरा ४१५.८, हेलकावा या अर्ध्या हर्ट्झचा. (साइन आउटपुटवर हार्मोनिक नसतात, त्यामुळे चूक लपते. सूर सॉवरच जुळवावा.) शुद्ध पंचम साच्या पाऊणपट, म्हणजे १०३.९४ हवा. त्या व्हीसीओचा फ्रिक्वेन्सी नॉब माऊसने फिरवत बसू नका. त्यावर राइट क्लिक करून चौकटीत इंग्रजी आकड्यांत १०३.९४ लिहा आणि एंटर दाबा.

गांधार हवा असेल तर साच्या सव्वापट, १७३.२४. कीबोर्डचा गांधार जवळपास १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, तो कानाला फारच बोचतो.

मध्येच करकर आली तर ऑडिओ मॉड्यूलच्या मेनूत ब्लॉक साइज (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या ध्वनी-नमुन्यांची संख्या) २५६ वरून ५१२ करा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला एका ब्लॉकचा उशीर ५ ऐवजी ११ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. अखंड सुराला त्याने काही फरक पडत नाही.