गोव्याची राइड: यादी परतीच्या दिवसापासून लिहायला घ्या

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचं, किनारा धरून गोव्यापर्यंत जायचं आणि आंबोलीवरून परत यायचं, असा आठ-दहा जणांचा बाइकवरचा बेत ठरला की ग्रुपवर आधी हॉटेलांच्या लिंका येऊन पडतात. त्या राहू द्या. पहिल्यांदा शेवटच्या दिवसाचं बघा. गोवा ते पुणे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर आहेत. ते कापायचे असतात चार दिवस ऊन खाल्ल्यावर, मनगटं आणि कंबर धरलेली असताना. त्यामुळे सोमवारची रजा आताच टाका. जमलं तर शेवटचा मुक्काम सावंतवाडीला किंवा आंबोलीतच करा. कळंगुटला रात्री दोनला झोपलेली माणसं पहाटे पाचला किक मारतील, यावर कुणी शपथ घेतली तरी विश्वास ठेवू नका.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करून घ्या, म्हणजे मेकॅनिककडून काही सैल राहिलं असेल तर ते सिंहगड रोडवरच कळेल. ब्रेक पॅड, चेनचा ताण, स्प्रॉकेटचे दात, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, बॅटरी, हेडलाइटचा झोत हे स्वतः उभं राहून तपासून घ्या. क्लचची नवी केबल जुनीच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवली, तर तुटल्यावर काम दहा मिनिटांचं होतं. ट्यूबलेसवाल्यांचं पंक्चर किट ट्यूबवाल्या बुलेटच्या काही कामाचं नाही. म्हणून ग्रुपमध्ये ज्या-ज्या मापाचे टायर आहेत त्यांची एकेक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पायपंप लागतोच. गावात पंक्चरवाला मिळतो हो, पण दोन गावांमधल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, दुपारी बाराला कुणी नसतं. पेट्रोलचं गणित सगळ्यात लहान टाकीवर करा. एखादा हौशी स्कूटर घेऊन येतोच आणि तिची टाकी पाच-सव्वापाच लिटरची असते.

या वाटेवर सगळ्यात जास्त विचार फेरीबोटींचा करावा लागतो. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या ओलांडायच्या असतात. फेऱ्यांच्या वेळा आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा, ओहोटीला किंवा वारा असला तर त्या मागेपुढे होतात. दाभोळची बोट हुकली तर दापोली, खेड, चिपळूण फिरून गुहागर गाठायला शंभराहून जास्त किलोमीटर पडतात, म्हणजे त्या दिवसाचा सूर्यास्त रस्त्यातच. जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबू नका, मागे बसलेल्याला आधीच उतरवा. बोटीवर गाडी साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि स्वतः तिच्याजवळ उभे राहा. रील नंतर काढा. तिकिटासाठी सुटे पैसे खिशात हवेत, खाडीकाठी नेटवर्क गेलं की यूपीआय हात वर करतं. नकाशाही ऑफलाइन उतरवून घ्या.

पुढे कोण, मागे कोण हे निघण्याआधी ठरवा. पुढचा सावकाश चालवणारा असावा आणि मागच्याकडे हत्यारांची पिशवी असावी. नवखा चालक पुढच्याच्या लगेच मागे. नियम एकच पुरे: वळायचं असेल तिथे आपल्या मागचा दिसेपर्यंत थांबायचं. कोकणातल्या वळणांवर जांभ्याची तांबडी खडी पसरलेली असते, तिच्यावर जोडीने रेस लावणाऱ्याला पहिल्याच चहाला समज द्या.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, शिवाय झेरॉक्सही घ्या. गोव्याच्या हद्दीत बाहेरची पासिंग दिसली की गाडी बाजूला घेतली जाऊ शकते. हेल्मेट मागच्यालाही हवं. ओआरएस, बेटाडीन, क्रेप बँडेज, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद. अँब्युलन्ससाठी 108. कपडे जितके काढून ठेवाल त्यातले निम्मे परत कपाटात ठेवा, काजू आणि कोकमाला जागा लागते.

आता परतीचं. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, तेव्हा निघताना टाक्या फुल करा. पुढे घाट आणि आजऱ्यापर्यंत पंप शोधायची वेळ येत नाही. चार दिवसांची खारी हवा आणि वाळू चेनवर बसलेली असते. सावंतवाडीत गाड्या पाण्याने धुऊन, चेन कोरडी करून ल्यूब मारा. टायरमधली हवाही तिथेच बघा. आंबोलीत धुकं असेल तर जॅकेट घाट चढायच्या आधी घालायचं, मध्ये थांबून नाही. तिथून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत निपाणीच्या बाजूने कोल्हापूर. जेवायला थांबाल ते इथेच, पण तांबडा-पांढरा जरा बेतानेच. पुढे पुण्यापर्यंत सव्वादोनशेच्या वर सरळ हायवे आहे आणि पोट भरलेल्या माणसाला सरळ रस्त्यावर डुलकी लागते. दर तासाला पाच मिनिटं उतरा, कऱ्हाड असो की सातारा.

शेवटचा टप्पा घरच्या ओढीने सगळे जोरात मारतात. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतारावरच वळण आहे, तिथे वेग आधीच उतरलेला हवा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि ब्रेक तापलेले ट्रक मागून येत असतात. ग्रुप म्हणून एकत्र राहायचा हट्ट इथे सोडा. खेड शिवापूरला थांबून निरोप घ्या आणि पुढे ज्याने त्याने आपली डावी बाजू धरून घर गाठा. ग्रुपमध्ये मुंबईकर असतील तर त्यांना त्या रात्री पुण्यातच ठेवून घ्या. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे आणि जुन्या हायवेने खंडाळा अंधारात उतरायला लावणं बरं नाही.

खर्चाचा हिशेब मात्र कोल्हापूरच्या ताटावरच मिटवा. पुण्यात पोचल्यावर पेट्रोलचे पैसे कुणाला आठवत नाहीत.